घडी मोडायला

"हे घे तुझं पातेलं, आन् माझं लुगडं दे," असं म्हणत म्हातारीनं स्टीलचं कोरं पातेलं माझ्या काउंटरवर आदळलं.

मी इस्त्री करत होते. हातातली इस्त्री तशीच धरून मी तिच्याकडं बघितलं. उन्हानं रापलेली काटक म्हातारी, अंगावर धुवून धुवून विरलेलं पांढरं लुगडं, काखेत कापडी पिशवी. पातेल्यावरचं लेबलसुद्धा अजून निघालं नव्हतं.

"आजी, चुकलात तुम्ही. मी भांडी विकत नाही. हे कपड्यांचं दुकान आहे."

"ते दिसतंय मला. आंधळी न्हाई मी. पारू बोहारीण तुलाच कापडं देती नव्हं? माझ्या सुनंनं तिला माझं लुगडं दिलं आन् हे पातेलं घेतलं. पिवळं इरकल, लाल काठाचं. पातेलं परत, लुगडं परत. मिटलं."

पिवळं इरकल माझ्या इस्त्रीखालीच होतं. वर मलमलचा तुकडा टाकला होता, म्हणून तिला दिसलं नव्हतं इतकंच.

ही गोष्ट कोल्हापूरची, राजारामपुरीतल्या माझ्या दुकानाच्या सुरुवातीच्या दिवसांतली. त्याआधी मी मुंबईत कपड्यांच्या एका एक्सपोर्ट कंपनीत होते. शिकले होते फॅशन, पण काम काय, तर एका छापाचे ढीगभर शर्ट तपासायचे आणि लोंबणारे धागे कापायचे. जीव विटला. गावी परत आले आणि जुन्या कपड्यांचं दुकान टाकलं. पाटीवाल्यानं नाव विचारलं, मला काही सुचेना, तर त्यानंच 'जुनं ते सोनं' असं रंगवून टाकलं. लोकांनी त्याचं 'चिंध्यांचं दुकान' केलं. आमच्याकडचा माणूस दुसऱ्याच्या ताटात जेवेल, पण दुसऱ्याच्या अंगावरचं कापड घालताना त्याला हजार शंका. पहिला प्रश्न ठरलेला, "मेलेल्या माणसाचं नाही ना?" म्हणून मी पारूला प्रत्येक गाठोड्यामागं खोदून खोदून विचारायचे आणि गिऱ्हाईकाला छातीवर हात ठेवून सांगायचे, "मयताचं कापड माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही." ह्या एका वाक्यावर माझं दुकान उभं होतं.

आणि त्या दिवशी माझ्याकडं पहिल्यांदाच लग्नाचं गिऱ्हाईक यायचं होतं.

मी मलमल बाजूला केली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, म्हातारी उभीच राहिली होती. लुगडं दिसल्याबरोबर तिनं दोन्ही हात त्यावर ठेवले. हळदीच्या रंगाचं रेशमी इरकल, लाल पदर, पदरावर कंगव्याच्या दातांसारखी पांढरी नक्षी. असलं कापड मी फार बघितलेलं नाही. जुनं असूनही त्याची घडी मोडलेली नव्हती. कुणी एकदाही नेसलेलं नव्हतं, पण कुणीतरी दर वर्षी उन्हं दाखवून घडी बदलून ठेवलं होतं. नाहीतर रेशीम घडीवर चिरतं. वेखंडाचा वास येत होता त्याला.

"आजी, नाव काय तुमचं?"

"गोदाक्का. कागलकडची. एसटीनं आलीया, एसटीनं जाणार हाय. बांध ते."

"गोदाक्का, बसा जरा. पाणी देते. हे मी पारूकडून रीतसर घेतलंय. आणि मी ते एका मुलीला देऊन बसलेय. ती आत्ता येईल न्यायला. तुम्हाला मी ह्याच्यापेक्षा..."

"मला ह्येच पायजे."

"पण तुम्ही हे कधी नेसलाच नाहीत. घडीसुद्धा मोडली नाही."

"नेसायचं न्हाईच ते," गोदाक्का म्हणाली. "मढ्यावर घालायचं हाय. माझ्या."

मी इस्त्रीचा स्विच बंद केला.

मग तिनं सांगितलं, तेही बसून नाही, उभ्यानंच. नवरा गेला तेव्हा सगळ्या सोयऱ्यांनी रिवाजाप्रमाणं पांढरी लुगडी आणली. तिचा भाऊ एसटीत ड्रायव्हर, हुबळीच्या गाडीवर. त्यानं मात्र हे आणलं. म्हणाला, आक्का, हे नेस. ती म्हणाली, येड लागलंय का तुला, ह्या गावात नेसले तर लोक तोंडात शेण घालतील. तर तो म्हणाला, मग राहू दे, मरशील तवा नेस, तवा कोण काय बोलतंय ते बघतो. आमच्याकडं बाई गेली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. ते आणायचं भावानं. पण भाऊच आदल्या वर्षी गेला. भावजय पुण्याला लेकाकडं.

"आता माझं म्हायार म्हंजे हे लुगडं," गोदाक्का म्हणाली. "सुनंला काय ठावं? तिनं ट्रंक उघाडली, म्हणली आत्याबाईंस्नी पिवळं कशाला लागतंय, दिलं बोहारणीला. मी तिला बोलली न्हाई काय. पर मला पांढऱ्यात जायचं न्हाई बाई. जलमभर पांढऱ्यातच हाय."

मला खरंच वाईट वाटलं. पण लुगडं लगेच बांधून देता येईना. कारण ज्या मुलीला मी शब्द दिला होता, तिची गोष्टही साधी नव्हती.

अर्पिता नाव तिचं. एका डेअरीच्या लॅबमध्ये नोकरीला. आईबाप नाहीत, मिरजेच्या बाजूला मुलींच्या आश्रमात वाढलेली. लग्न तिनंच जमवलेलं. मुलगा इंगवल्यांचा, चांगल्या खात्यापित्या घरातला, आणि मुलाच्या आईनं, म्हणजे इंगवले काकूंनी, तोंड कडू करून का होईना होकार दिला होता. अक्षतेला नवरी मामाकडची पिवळी साडी नेसते. हिला मामा कुठला? म्हणून ती माझ्याकडं आली होती. नवी पिवळी साडी कुठल्याही दुकानात मिळाली असती. मी तिला तसं म्हटलंही. तर ती म्हणाली, "नवी घेतली की विकत आणलीय हे लगेच कळतं, ताई. ही कुणीतरी माझ्यासाठी जपून ठेवल्यासारखी दिसते." मी लुगडं तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलं. फक्त काकू एकदा बघून हो म्हणायच्या होत्या. लग्न तोंडावर आलं होतं, आणि त्याच दिवशी दोघी यायच्या होत्या.

मी हे सगळं गोदाक्काला सांगितलं. ती मटकन स्टुलावर बसली.

"नवरी नेसणार? माझं मढ्यावरचं?"

"गोदाक्का, हळू."

"अगं, पोरीचं वाटोळं करतीस काय? दे हिकडं ते."

"देते. तुमचं तुम्हाला देते, मी शब्द देते. पण आता त्या येतील. मी त्यांना दुसरं काहीतरी दाखवते. तोवर तुम्ही फक्त गप्प बसा. त्या काकूंच्या समोर मढं हा शब्द जरी निघाला ना, तर माझं दुकान तर उठेलच, पण त्या पोरीचं लग्नही मोडेल. त्या बाई कारणच शोधताहेत."

"मी खोटं बोलणार न्हाई."

"खोटं कुठं बोलायला सांगतेय? नुसतं गप्प बसा."

"गप्प तेवढं मला कवा जमलं न्हाई," गोदाक्का म्हणाली, आणि दारात रिक्षा थांबली.

मी लुगडं घाईघाईनं मलमलमध्ये गुंडाळून काउंटरच्या आत सरकवलं. अर्पिता हसतच आत आली. मागून काकू आल्या. इस्त्रीची साडी, हातात पाटल्या, नाकावर रुमाल. जुन्या कपड्यांना वास येतो असं त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं.

"हे का ते दुकान," काकू म्हणाल्या. "आणि पातेली पण ठेवता वाटतं?"

"ते ह्या आजींचं आहे. ओळखीच्या आहेत. बसल्यात जरा."

काकूंनी गोदाक्काकडं बघितलं. गोदाक्कानं काकूंकडं बघितलं. मी देवाचं नाव घेतलं.

मग मी जे नाटक केलं ते आठवलं की आजही मला घाम फुटतो. मी पिवळ्या साड्यांचा ढीग काढला. नारायणपेठ काढली, बनारसी काढली, एका माणसानं आजीची म्हणून आणून दिलेली लिंबोणी रंगाची पैठणीसुद्धा काढली, जी मी विकायची नाही असं ठरवलं होतं. अर्पिता प्रत्येक साडीला बोट लावून बाजूला सारत होती.

"ताई, माझी ती कुठाय?"

"तिचं जरा... काठाला थोडं विरल्यासारखं वाटलं मला. म्हटलं, ऐन लग्नात नको."

"काल तर तुम्ही म्हणालात, घडीसुद्धा मोडलेली नाही."

"काल म्हणालात आणि आज विरलं?" काकू म्हणाल्या. त्या आता दुसऱ्या स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज एकदम थंड झाला होता. "दाखवा तरी. बघू दे काय विरलंय ते."

दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी लुगडं काउंटरवर ठेवलं. काकूंनी काठ बोटांत धरून उजेडाला बघितला, पदर उलटून बघितला. त्यांना कापडातलं कळत होतं. विरलंबिरलं काही नव्हतं, हे त्यांना एका नजरेत दिसलं.

"एवढं चांगलं लुगडं कुणी कशाला टाकेल?" त्या म्हणाल्या. "कुणाचं आहे हे?"

"काकू, माझ्याकडं मयताचं कापड..."

"ते तुम्ही सगळ्यांनाच सांगत असाल. मी विचारतेय, कुणाचं आहे? लोक मला विचारणार आहेत, मामा कोण, मामाची साडी कुठली. काय सांगू? राजारामपुरीतनं आणली, कुणाची ते ठाऊक नाही? अर्पिता, माझं ऐक. नवी घेऊ. चांगल्या दुकानात जाऊ. पैसे मी देते."

अर्पितानं लुगड्यावर हात ठेवला होता, तो काढला नाही. मी गोदाक्काकडं बघायचं टाळत होते. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.

"एकदा नेसून बघू?" अर्पिता शेवटी म्हणाली. "काकू, एकदाच. नाही शोभलं तर तुम्ही म्हणाल तसं."

काकूंनी मान हलवली. ती परवानगी होती की कंटाळा, ते मला कळलं नाही.

कपडे बदलायला दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात मी पडदा लावला होता. आम्ही दोघी पडद्याआड गेलो. पडदा ओढताना माझ्या डोक्यात एकच होतं, नेसवताना कुठंतरी मुद्दाम चुकायचं, बिघडवायचं, म्हणजे तिलाच आवडणार नाही आणि सुंठीवाचून खोकला जाईल. पण खोटं कशाला बोला, मुद्दाम चुकायची गरजच पडली नाही. मला नऊवारी नेसवता येत नव्हती. मी शिकलेली, फॅशनवाली, एक्सपोर्ट कंपनीत ढीगभर कपडे तपासलेली. कमरेची गाठ मारली ती सुटली. काष्टा घातला तो एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली.

"काय गं हे," पडद्यातनं आवाज आला. गोदाक्का आत आली होती. "रेशमाला असं वढत्यात व्हय? फाटंल ते. सर बाजूला."

मी सरले. तिनं लुगडं पुन्हा उलगडलं, अर्पिताच्या कमरेभोवती घेतलं, गाठ मारली. बोटांची काय ती चाल. निऱ्या पडत गेल्या, काष्टा पाठीमागं जाऊन घट्ट बसला. म्हातारी एकदाही थांबली नाही. पण तिचे डोळे भरले होते. अर्पिताला ते दिसलं.

"आजी, काय झालं?"

मी गोदाक्काचा दंड धरला. तिनं माझा हात झटकला.

"पोरी, मला खोटं बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "हे लुगडं माझं हाय. माझ्या भावानं दिलेलं. माझ्या मढ्यावर घालायला ठेवलं होतं मी. सुनंनं चुकून काढून दिलं."

संपलं, मला वाटलं. आता ही पोर किंचाळणार. अर्पिता किंचाळली नाही. ती अगदी सावकाश कमरेची गाठ सोडायला लागली.

"काय करतीस?"

"तुमचं आहे ना. तुम्हाला देते."

"आन् तू काय नेसशील?"

"दुसरं काहीतरी. माझ्याकडं नाहीतरी मामा नाहीच, आजी. कुठलंही नेसलं तरी विकतचंच." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही तिला. "मला वाटलं होतं, निदान हे तरी कुणाचंतरी दिसेल."

गोदाक्कानं तिचे दोन्ही हात धरले. गाठ तशीच राहिली. पडद्याबाहेर काकूंच्या स्टुलाचा एकदा आवाज झाला.

"ऐक," गोदाक्का म्हणाली. तिला हळू बोलायचं होतं, पण तिचं हळूसुद्धा शेजारच्या दुकानात जाईल असं. "नवं लुगडं घेतलं की आपण घडी मोडायला देतो का न्हाई एकमेकीला? भणीला, नणंदंला, जिच्यावर जीव हाय तिला? आधी तू नेस, मग मी. ह्या माझ्या लुगड्याची घडी कुणी मोडायचीच राहिलीया. मला नेसता आलं न्हाई आन् दुसरीला द्यावं असं कोण भेटलं न्हाई. तू मोड."

"पण आजी, ते तुमच्या..."

"मी अजून मेली कुठं हाय? जित्या भावानं जित्या भणीला दिलेलं हाय ते. अशुभ काय हाय त्याच्यात? नेस, मिरव, आन् ठेव तुझ्यापाशी. दर साली उन्हं दाखीव. मी गेली की आणून दे. तुलाच आणावं लागंल बग. माझं दुसरं कोण न्हाई आणणारं."

अर्पिता खाली वाकली आणि तिच्या पाया पडली. नऊवारी सावरायची तिला सवय नव्हती, तिथंच धडपडली.

"बरं झालं," मी पुटपुटले. खरं तर बरं वगैरे काही झालेलं नव्हतं. पडद्याबाहेर बसलेल्या बाईला अजून तोंड द्यायचं होतं.

गोदाक्कानं पदर लावला, निऱ्यांवर हात फिरवला आणि पडदा ओढून अर्पिताला पुढं केलं. पुढं मी पुष्कळ नवऱ्या सजवल्या, मोठमोठ्या घरांतल्या सजवल्या, पण त्या दिवशी ती पोर जशी दिसली तशी मला पुन्हा कुणी दिसली नाही. काकू बघत राहिल्या. आणि मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा केला.

"कुणाचं आहे लुगडं?"

मी तोंड उघडलं. पण गोदाक्का पुढं झाली.

"माझ्या भावाचं. म्हंजे हिच्या मामाचं."

"आणि तुम्ही हिच्या कोण?"

"मामाची भण कोण असती?" गोदाक्का म्हणाली.

काकू उठल्या. अर्पितापाशी आल्या, तिच्या खांद्यावरचा पदर त्यांनी दोन बोटांनी उचलला. मला वाटलं, आता त्या तो ओढून काढणार. त्यांनी पदराची एक सुरकुती साफ केली आणि तो परत ठेवला.

"मग मामाकडचं म्हणून लोकांना सांगायचं ना?" त्या म्हणाल्या.

"सांगा की."

काकूंनी पर्स उघडली. गोदाक्का लगेच म्हणाली, "मामाचं लुगडं विकत घेत्यात व्हय कुणी?" तेव्हा त्यांनी ती मिटली. अर्पितानं मला आधी दिलेले पैसे मी तिच्या हातात परत कोंबले. निघताना काकू दारात थांबल्या आणि गोदाक्काला म्हणाल्या, "लग्नाला यायचं."

"मी रांडमुंड बाई. मांडवात कशाला?"

"मामाकडचं कुणी दिसलं नाही, तर लोक मलाच विचारतील. या."

गोदाक्का गेली लग्नाला. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून मांडवाच्या कडेला बसली होती, असं अर्पितानं नंतर मला फोनवर सांगितलं. पातेलं मात्र तिनं माझ्याकडंच टाकलं. त्यात मी पुढं चहा करत असे.

खरं सांगते, माझा ह्या सौद्यावर विश्वास नव्हता. लग्नाआधी पोरी काय वाट्टेल ते कबूल करतात. पुढं संसार, सासर, नोकरी. कोण कुठल्या म्हातारीचं लुगडं उन्हात घालत बसतं? गोदाक्का बाजाराला आली की दुकानात डोकवायची आणि मी दर वेळी धास्तावून विचारायचे, "अर्पिता भेटते का?" ती म्हणायची, "भेटती की. तू कशाला काळजी करतीस?" मी काळजी करायचे. कारण ते लुगडं हातातनं सुटलं होतं माझ्या दुकानातनं, आणि म्हातारीजवळ दुसरं माहेर नव्हतं.

मग एका सकाळी तिच्या सुनेचा फोन आला. "आत्याबाई गेल्या. पहाटं झोपंतच. त्यांनी तुमचा नंबर भिंतीवर लिहून ठेवलेला, म्हणून केला. लुगडं ज्या पोरीकडं हाय म्हणायच्या, तिचा फोन लागत न्हाई."

मीही अर्पिताला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मी दुकानाचं शटर ओढलं आणि कागलची गाडी पकडली.

पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून तयार होती. गोदाक्काला आंघोळ घातलेली. आणि तिच्या पायापाशी घडी घातलेलं कोरं पांढरं लुगडं होतं. पुण्याहून भाचा आला होता, भावाचा मुलगा, तो घेऊन आला होता. बिचाऱ्यानं रिवाज पाळला होता, त्याला कोण काय बोलणार?

"माहेरचं आलंय की," एक म्हातारा म्हणाला. "घाला आणि उचला. ऊन वाढतंय."

"जरा थांबा," सून म्हणाली.

"अजून कुणाचं थांबायचं?"

"आत्याबाईंचं एक लुगडं यायचं हाय."

"हे काय, आलंय ना."

"ते न्हाई." सून तिरडीच्या पुढ्यात जाऊन उभीच राहिली. "त्यांचं लुगडं मीच हातानं घालवलंय. ते आल्याबिगर मी उचलू देणार न्हाई."

कुजबुज सुरू झाली. नवरा तिला दटावायला लागला. कुणीतरी पांढऱ्या लुगड्याची घडी उलगडायलाही घेतली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी कोण? जुन्या कपड्यांची दुकानदारीण. मी नुसती रस्त्याकडं बघत राहिले, आणि मनातल्या मनात त्या पोरीला सगळ्या शिव्या दिल्या.

तेवढ्यात रिक्षा आली. अर्पिता नव्हती तिच्यात. इंगवले काकू उतरल्या, छातीशी मलमलचं गाठोडं धरून. गर्दीतनं सरळ आत आल्या, गोदाक्कापाशी खाली बसल्या आणि गाठोडं सोडलं. वेखंडाचा वास आला.

"अर्पिता बाळंतीण आहे," त्या सुनेला म्हणाल्या. "रात्रीच झाली. दवाखान्यात फोन बंद होता, मघाशी चालू केला तेव्हा तुमचे एवढे सगळे फोन आणि निरोप दिसले. तिला येता येत नाही, म्हणून मी आले."

"पिवळं?" तो म्हातारा म्हणाला. "विधवेला पिवळं घालताय?"

"तिच्या भावानं दिलंय," काकू म्हणाल्या.

भाचा पुढं आला. त्यानं लुगड्याचा काठ हातात घेतला. "आमच्या बाबांनी?" त्यानं विचारलं. सुनेनं मान हलवली. त्यानं स्वतःच आपलं पांढरं लुगडं उचललं, काखेत धरलं आणि म्हणाला, "बाबांचंच घाला."

ते पिवळं इरकल गोदाक्काच्या अंगावर पडलं. त्या म्हाताऱ्यानं तिरडीला हात घालता घालता काकूंना विचारलं, "बाई, तुम्ही ह्यांच्या कोण?"

"मी विहीण," काकू म्हणाल्या.

सगळं आटोपल्यावर मी त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत गेले. माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "काकू, हे लुगडं कशासाठी होतं ते अर्पितानं तुम्हाला कधी सांगितलं?"

"तिनं कशाला सांगायला पाहिजे?" काकू म्हणाल्या. "पडद्याच्या अलीकडंच बसले होते की मी. गोदाक्काचं हळू बोलणं तुम्हाला ठाऊक नव्हतं होय?"

मी थांबलेच. "सगळं ऐकलंत? आणि तेव्हा काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "पोरीला मामा मिळत होता. आई मिळत होती. त्यात मी कशाला मोडता घालू?"

मग त्या रिक्षात बसल्या आणि मला म्हणाल्या, "चला, बसायचं तर बसा लवकर. घरी जाऊन आंघोळ करायचीय मला. अजून नातीला नीट घेतलेलं नाही."